साडेपाच तास मागे

भाऊजी कधीही रिकाम्या हातानं घरी येत नसत. खराडीहून कोथरूडपर्यंत मोटारसायकलवरून यायचं म्हणजे माणूस धुळीनं माखून, चिडून येतो, पण यांच्या हातात पिशवी असायचीच आणि पिशवीत नेमकं तेच असायचं जे घरात कुणाला तरी हवं होतं. ताईला मोगऱ्याचा गजरा माळावासा वाटला की गजरा. तिच्या मिक्सरचं भांडं गळायला लागलं की नवं भांडं. मला प्रॅक्टिकलसाठी हवं असलेलं पुस्तक, ज्याचं नाव मी घरात कुणापाशी काढलेलंही नव्हतं, ते पुस्तक. सोसायटीतल्या बायका ताईला म्हणायच्या, नशीब काढलंस. यवतमाळहून बाबा फोनवर म्हणायचे, "जावई नाही, मनकवडा आहे मनकवडा." मलाही तेव्हा तसंच वाटायचं. फक्त पिशवी उघडताना ताई कधी हसत नसे, एवढं मी पाहिलं होतं. पाहिलं होतं, पण त्याचा विचार केला नव्हता. त्या वयात डोक्यात कॉलेज होतं.

मी बीएस्सी करायला पुण्याला आले ती ताईच्या घरी राहण्याच्या बोलीवर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक बाल्कनी, जिच्यात कपडे वाळत घालायचे आणि मी अभ्यास करायचा. हॉलच्या कोपऱ्यात कॉम्प्युटर होता. त्याला ताईनं शिवलेलं फुलाफुलांचं झाकण होतं आणि ते झाकण कसं घातलंय, पुढची झालर सरळ आहे की तिरकी, हे भाऊजी घरात शिरल्या शिरल्या पाहायचे. बूट नंतर काढायचे. सकाळी घरात आवाज असायचे ते कुकरचे, पोह्यांच्या फोडणीचे आणि भाऊजींच्या किल्ल्यांच्या जुडग्याचे. ते बोलताना जुडगा बोटाभोवती फिरवायचे. थांबला की समजायचं, आता काहीतरी विचारणार. ताई यवतमाळच्या हातानं स्वयंपाक करायची. पाटवड्यांचा रस्सा असा करायची की नाकातून पाणी यावं. भाऊजी दोन वाट्या रस्सा पिऊन म्हणायचे, "तिखट कमी कर, पुण्यात राहतेस." पुढच्या वेळी ती कमी करायची. मग म्हणायचे, "चव गेली."

त्यांचं काम होतं एका मोठ्या कंपनीच्या ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळण्याचं. कोण कुठल्या साइटवर जातं, कोण ऑफिसच्या वेळेत नोकऱ्या शोधतं, कोण कुणाला काय लिहितं, हे सगळं त्यांना दिसायचं आणि ते जेवताना रंगवून सांगायचे. "लोकांना वाटतं आपण एकटे बसलोय," असं म्हणून ते हसायचे. आम्हीही हसायचो. ताईकडे मोबाइल होता, पण कुणाला कधी किती वेळ फोन केला याचं सविस्तर बिल भाऊजींच्या नावावर यायचं आणि ते बिल ते पेपरासारखं वाचायचे. त्यामुळे ताई जे काही मनातलं बोलायची, ते दुपारी हॉलमधल्या कॉम्प्युटरवरून, नागपूरच्या तिच्या मैत्रिणीला, निशाला, ई-मेल लिहून.

कॉलेजच्या लॅबमध्ये प्राची म्हणून एक सीनियर मुलगी होती. तिनं मला एक पेन ड्राइव्ह करून दिला. त्यावर पूर्ण लिनक्स बसवलेलं होतं. आता कुणाला त्याचं काही वाटणार नाही, पण तेव्हा मला ते घर पाठीवर घेऊन फिरण्यासारखं वाटलं. कुठल्याही कॉम्प्युटरला पेन ड्राइव्ह लावायचा, सुरू होताना एक बटण दाबायचं, की त्या कॉम्प्युटरचं स्वतःचं विंडोज जागंच होत नाही. यंत्र त्याचं, पण चालतं आपलं. काम झालं की बंद करायचं, पेन ड्राइव्ह काढायचा, त्या कॉम्प्युटरला कळतही नाही की कुणी येऊन गेलं. प्राचीचा पेन ड्राइव्ह तर असा होता की बंद केल्यावर तो स्वतःही सगळं विसरायचा. मी तो लॅबमध्ये चालवला, मैत्रिणीच्या होस्टेलवर चालवला, खालच्या मजल्यावरच्या लिमये काकूंकडे चालवला आणि अर्थात घरीही. घरी भाऊजींनी मला वेगळं खातं काढून दिलं होतं, त्याला नाव दिलं होतं 'मेव्हणीबाई'. त्यात काही म्हणता काही बसवता यायचं नाही. म्हणून मी दुपारी माझा पेन ड्राइव्ह लावायचे. लपवायचं असं काही मनात नव्हतं. ते ऑफिसात असायचे, इतकंच.

आणि मग जेवणातल्या गप्पांमध्ये एक गोष्ट बदलली. पूर्वी भाऊजी माझी थट्टा करायचे. "काय मेव्हणीबाई, केस कापायचा विचार आहे वाटतं?" किंवा, "घाटात सहलीला जायचं म्हणतेय कुणीतरी. बाबांना विचारलंय का?" मी लाजायचे, मला वाटायचं माझ्या चेहऱ्यावरच सगळं दिसतं. पेन ड्राइव्ह वापरायला लागल्यापासून थट्टा थांबली. एके दिवशी मी दुपारभर कॉम्प्युटरसमोर बसून जर्नल लिहिलं होतं, पाठ अवघडून गेली होती, आणि जेवताना ते म्हणाले, "हल्ली कॉम्प्युटरला हात लावत नाहीस वाटतं?" जुडगा थांबलेला होता. मी नुसतं "नाही" म्हटलं. का म्हटलं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. घास गिळता गिळता मला एवढंच कळलं की मी विंडोजमध्ये जे करते ते यांना दिसतं, आणि पेन ड्राइव्हवर करते ते दिसत नाही. चेहरा माझा तोच होता.

ताईनं लग्नाआधी पॅथॉलॉजी लॅबचा कोर्स केला होता. तिला नोकरी करायची होती. भाऊजींनी कधी "करू नको" म्हटलं नाही. पण एका लॅबमध्ये तिला भेटायला बोलावलं, त्या दिवशी सकाळी त्यांनी महाबळेश्वरची गाडी ठरवून ठेवलेली निघाली. "सरप्राइज!" म्हणाले. दुसऱ्यांदा बोलावलं, त्या दिवशी ऑफिसातली सगळी टीम जेवायला. ताई सकाळपासून पुऱ्या लाटत होती आणि घड्याळाकडे बघत होती. पुऱ्या वाढताना त्यांनी तिच्याकडे बघून गोड आवाजात विचारलं, "तुला आज कुठे जायचं होतं का?" ती म्हणाली, नाही. ताई याला नशीब म्हणायची. मला त्या जेवणानंतर नशीब वगैरे वाटेना.

मी तिला सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. मी पुन्हा सांगितलं, की या कॉम्प्युटरवर तू जे जे टाइप करतेस ते त्यांच्यापर्यंत पोहोचतं. तशी प्रोग्रॅमची सोय असते, ऑफिसात तेच करतात ते.

"काहून करतील ते असं?" ती म्हणाली. पुण्यात आल्यापासून तिच्या तोंडून 'काहून' मी ऐकलं नव्हतं.

"ते मला नाही माहीत. करतात की नाही, एवढं बघता येईल."

"कसं?"

मी विचारलं, "तुला अजिबात न आवडणारी वस्तू सांग."

ताईला खरवस आवडत नाही. लहानपणी शेजारच्यांची गाय व्यायली की वाटी यायची आणि ताई नाक धरून अंगणात पळायची. चिकाच्या वासानंच तिला ढवळायचं. हे आमच्या घरच्यांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, कारण लग्न झाल्यापासून या घरात खरवस कधी आलाच नव्हता. त्या दुपारी तिनं विंडोजमध्ये नेहमीसारखं निशाला पत्र लिहिलं. पाऊसपाणी, भाज्यांचे भाव, आणि शेवटी एक ओळ, की हल्ली खरवस खायची फार इच्छा होते आहे, पण यांना कसं सांगू. पत्र पाठवलं. आम्ही झाकण घातलं, झालर सरळ केली. त्यानंतर मी बाल्कनीत बसले आणि ताई भांडी घासत राहिली. घासलेलीच पुन्हा घासत होती, आवाजावरून कळत होतं.

मोटारसायकल खाली थांबली. जिन्यात किल्ल्या वाजल्या. भाऊजी आत आले, झाकणाकडे पाहिलं, बूट काढले आणि पिशवी ताईच्या हातात देत म्हणाले, "ओळख पाहू काय आणलंय?"

ताईनं डबा उघडला. वेलदोड्याचा वास हॉलभर पसरला.

"खा ना," ते म्हणाले. "माझ्यासमोर खा."

तिनं खाल्ला. एक वडी, मग दुसरी. चेहरा हलू दिला नाही. मी आजवर बरीच धीराची माणसं पाहिली, पण तशी नाही. नंतर ती नळ मोठा सोडून न्हाणीघरात बराच वेळ होती.

दुसऱ्या दिवसापासून ताई पेन ड्राइव्हवर काम करायला शिकली. विंडोजमध्ये ती रोज निशाला लिहायचीच, नाहीतर शंका आली असती. लोणची, पाहुणे, गुडघेदुखी असलं सगळं. ते लिहून झालं की कॉम्प्युटर बंद, पेन ड्राइव्ह लावून पुन्हा सुरू, आणि मग खरी पत्रं. तीसुद्धा नव्या पत्त्यावरून, जो विंडोजमध्ये एकदाही टाइप केलेला नव्हता. कोल्हापूरच्या एका हॉस्पिटलला लॅब टेक्निशियन हवी होती, राहायला खोली देणार होते. पत्त्याचा पासवर्ड, त्यांच्या डॉक्टरबाईंचं नाव, तारीख, सगळं ताईनं पाठ केलं. कागदावर एक अक्षर लिहिलं नाही. पेन ड्राइव्ह आम्ही साबुदाण्याच्या डब्यात ठेवायचो. भाऊजी घरात वाट्टेल ते आणायचे, पण स्वयंपाकघरातला डबा कधी स्वतः उघडायचे नाहीत.

मग एका रविवारी सकाळी ते कॉम्प्युटरसमोर बसले असताना म्हणाले, "घड्याळ मागे गेलंय." पोहे परतत होती ताई, तिचा झारा थांबला. "आतला सेल गेला असेल," ते स्वतःशीच म्हणाले, आणि दुपारी नवा सेल आणून बसवला. आठवड्यानं पुन्हा बघितलं, पुन्हा मागे. तेव्हा ते नवा सेल आणायला गेले नाहीत. खुर्चीत रेलून कोपऱ्यातल्या त्या आकड्यांकडे बघत राहिले.

मला उलगडा झाला तो लिमये काकूंकडे. त्यांचा मुलगा अमेरिकेत, त्यानं आईशी बोलण्यासाठी कॉम्प्युटर घेऊन दिलेला. मी अधूनमधून तिथे बसायचे. काकू दारातच म्हणाल्या, "ये. पण आधी मला सांग, तुझी ती काडी लावलीस की माझं घड्याळ का बिघडतं? मुलगा म्हणाला आठ वाजता बोलू, मी बसले आठ वाजायची वाट बघत. तो बिचारा तिकडे झोपून उठला."

"किती मागे जातं काकू?"

"साडेपाच तास. मी भिंतीवरच्याशी पडताळून पाहिलं. आणि पंखा बंद कर, वीज काही अमेरिकेतून येत नाही."

मी पंखा बंद केला. यंत्राच्या पोटात एक घड्याळ असतं. लिनक्स इंटरनेटवरून वेळ जुळवतं आणि बंद होताना त्या घड्याळात ग्रिनिचची वेळ लिहून जातं. दाखवताना आपले साडेपाच तास मिळवून दाखवतं. विंडोज तसं मिळवत नाही, जे लिहिलंय तेच आपली वेळ समजतं. म्हणजे आम्ही काहीही मागे ठेवत नाही असं समजत होतो आणि प्रत्येक दुपारी जाताना भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून जात होतो. घड्याळ बदलणं थांबवता येतं, एका ओळीचं काम आहे. मी आज नव्या मुलींना लॅबमध्ये पहिल्या दिवशी तेच शिकवते, आणि त्यांना वाटतं बाईंना काय एवढं घड्याळाचं पडलंय.

त्या संध्याकाळी जेवताना भाऊजी खुशीत होते. मला स्वतःच्या हातानं पुरी वाढली.

"मेव्हणीबाई, तुम्ही कॉम्प्युटर शिकता. सांगा पाहू, सेल गेला तर घड्याळ किती मागे जातं?"

"कितीही जाऊ शकतं."

"कितीही. बरोबर." जुडगा ताटाशेजारी ठेवलेला होता, ते त्याला हातही लावत नव्हते. "आपलं साडेपाच तास जातं. दर वेळी. पाच नाही, सहा नाही. गंमत आहे ना?"

ताईनं विचारलं, "अजून रस्सा वाढू?"

"वाढ," ते म्हणाले. "आज छान झालाय."

दुसऱ्या दुपारी मी पेन ड्राइव्ह लावून कॉम्प्युटर सुरू केला तर काळ्या पडद्यावर एक चौकोन आला. पासवर्ड विचारत होता. पेन ड्राइव्हवरून सुरू करायचा रस्ताच त्यांनी बंद केला होता. आरडाओरडा नाही, प्रश्न नाही, फक्त तो चौकोन. मी पेन ड्राइव्ह काढून दप्तरात टाकला, कारण कॉलेजला निघायची घाई होती. डब्यात परत ठेवायला हवा होता. संध्याकाळी मी हातपाय धुऊन आले तर तो भाऊजींच्या तळहातावर होता.

"घे गं," ते म्हणाले. "फॉरमॅट करून दिलाय. काय काय भरून ठेवलं होतंस त्यात, व्हायरस येतात अशानं. आता कसा स्वच्छ आहे." मग हसून, "बाकी तुझं-माझं असं काही नव्हतंच त्यात. रिकामाच होता."

मी "थँक्यू भाऊजी" म्हटलं. ते त्यात शोधून आले होते आणि त्यांना काही सापडलं नव्हतं, हे त्यांनीच सांगितलं. कुणीतरी येतं आणि जातं एवढं त्यांना कळलं होतं. कोण, कशासाठी, कुठे, हे कळत नव्हतं, आणि न कळणं त्यांना सोसत नव्हतं. त्या दिवसांत ते वाटेल तेव्हा घरी यायला लागले. दुपारी ऑफिसातून मध्येच, काहीतरी विसरलो म्हणून. मोटारसायकल कोपऱ्यावर बंद करून चालत यायचे, म्हणजे आवाज यायचा नाही. एकदा ताई वळली तर ते स्वयंपाकघराच्या दारात उभे. किती वेळ उभे होते, ठाऊक नाही. "काही नाही," म्हणाले, "चालू दे तुझं."

प्राचीनं तासाभरात नवा पेन ड्राइव्ह करून दिला, या वेळी घड्याळाला हात न लावणारा. घरचा कॉम्प्युटर बंद झाला म्हणून काय झालं, पुण्यात कॉम्प्युटर काय एकच होता? ताई लिमये काकूंकडे भरतकाम शिकायला जाऊ लागली. काकूंनी काही विचारलं नाही. भाऊजींनी एकदा जिन्यात त्यांना थांबवून विचारलं, की हिचं भरतकाम कसं चाललंय. काकू म्हणाल्या, "हात जड आहे. पण तुम्हाला रुमाल हवे असतील तर बाजारात मिळतात." कोल्हापूरचं शेवटचं उत्तर काकूंच्या त्या पंखा बंद असलेल्या खोलीत आलं. गुरुवारी हजर व्हा, खोली तयार आहे.

बुधवारी रात्रीपर्यंत आम्ही दोघी एकमेकींशी फक्त भाजीविषयी बोललो. ताईची सर्टिफिकेटं आणि दोन साड्या काकूंच्या कपाटात पोहोचलेल्या होत्या. तिनं मला सांगितलं होतं, तूही होस्टेलवर मैत्रिणीकडे जा. मी नाही म्हटलं. कुणी घरी नसतं तर ते पोलिसांत गेले असते, बायको हरवली म्हणून. बाबांना फोन गेला असता, तिकडे रडारड झाली असती. कुणीतरी तिथे बसून सांगायला हवं होतं की ती हरवली नाही, गेली.

गुरुवारी सकाळी भाऊजी निघेचनात. चहा दोनदा घेतला. पेपर घडी करून पुन्हा उघडला. कॉम्प्युटर सुरू करून घड्याळ पाहिलं. बरोबर होतं. ते त्याच्याकडे तसेच बघत राहिले आणि बरोबर चाललेलं घड्याळ बघूनच त्यांचा चेहरा पहिल्यांदा उतरला. ताईनं डबा भरून दिला. दारात बूट घालताना ते थांबले. जुडगा बोटाभोवती फिरत नव्हता, मुठीत होता.

"संध्याकाळी काय आणू?" त्यांनी विचारलं.

लग्नाला चार वर्षं झाली होती आणि हे त्यांनी तिला कधीच विचारलं नव्हतं. विचारावं लागलं नव्हतं.

"काही नको," ताई म्हणाली.

ते तिच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. वाचायला काही मिळतंय का पाहत होते. मग जिना उतरले. मोटारसायकल सुरू झाली, गल्लीच्या टोकाला गेली आणि तिथे थांबली. ताई गॅसपाशी उभी, मी बाल्कनीच्या दारात, कुणी हललं नाही. खूप वेळानं ती पुन्हा सुरू झाली आणि आवाज मोठ्या रस्त्याला लागला. ताईनं हात पुसले, मला म्हणाली, "दूध तापवलंय," आणि खाली काकूंकडे गेली. तिथून रिक्षानं स्वारगेट. मागे वळून वगैरे बघितलं नाही. मीही खिडकीत गेले नाही.

दिवसभर मी अभ्यास केला. खरंच केला, परवावर पेपर होता. अंधार पडायच्या आत जिन्यात किल्ल्या वाजल्या. मी दार उघडलं. त्यांनी कॉम्प्युटरच्या झाकणाकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराकडे. आत दिवा नव्हता.

"ताई गेली," मी म्हटलं. "हरवलेली नाही. नोकरी लागली आहे. पत्ता मी देणार नाही."

मला वाटलं होतं मारतील. मी दाराच्या बाजूला उभी होते आणि खालच्या जिन्यात लिमये काकू केर काढत होत्या, संध्याकाळी, जी त्यांची केर काढायची वेळ कधीच नव्हती. भाऊजी खुर्चीवर बसले. हातातली पिशवी टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे असे बघत राहिले, जणू ती कुणी दुसऱ्यानं आणली आहे. मग उठून आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

ताई कोल्हापुरातच राहिली. त्या हॉस्पिटलची लॅब आज तीच चालवते. बाकीचं कोर्टात झालं आणि ते कंटाळवाणं आहे.

मी माझी पुस्तकं भरली, साबुदाण्याच्या डब्यातून पेन ड्राइव्ह काढला आणि निघण्यापूर्वी टेबलावरची पिशवी उघडून पाहिली. तिच्या मनातलं कळायचा रस्ता बंद झाल्यावर त्यांच्याजवळ जे शेवटचं ठाऊक होतं, तेच त्यांनी आणलं होतं. डब्यात खरवस होता. सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं. उभ्या उभ्याच तो सगळा खाल्ला, डबा विसळून पालथा घातला आणि काकूंकडे गेले.